बसवाल्याच्या अंगठ्यातला मुक्काम

मित्रांनो, मी एक जुना स्फटिक आहे. हिऱ्यामाणकांतला नव्हे, एका बस ड्रायव्हरच्या उजव्या पायाच्या अंगठ्यात बसलेला, सुईसारखा, युरिक आम्लाचा. नाकं मुरडू नका. माझा कच्चा माल तुमच्याही रक्तात फिरतोच आहे.

या गड्याच्या मूत्रपिंडांना ते आम्ल पुरेसं बाहेर टाकणं जमलंच नाही. रक्तात साठत गेलं, आणि अंगठ्याचा सांधा पडला गार, तिथे आम्ही गोठलो. कित्येक वर्षं गुपचूप पडून होतो. खरा धिंगाणा घालतात त्या पांढऱ्या पेशी! इतक्या बावळट, की दिसेल ते गिळायचं. मला गिळतात, मी पचत नाही, मग फुटून मरतात आणि मरताना बोंब ठोकून आणखी बहिणींना बोलावतात. झालं! अंगठा लालबुंद, गरम, चादरीचा स्पर्शही सोसवेना.

आणि आमचे मालक म्हणाले, "नवा बूट चावला." बायकोने बूट बदलून आणले. आठवड्याने दुखणं आपोआप ओसरलं, तर बूटवाल्याला शिव्या घालत स्वारी पुन्हा गाडीवर. असला अडाणीपणा मी फक्त माणसांतच पाहिला.

पुढच्या खेपेला बायकोने त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी सांध्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. माझे भाऊबंद तिथे लखलखले. बाईंनी रक्तातलं आम्ल कमी करणारी रोजची गोळी दिली आणि बजावलं, "सुरुवातीला हे खडे सुटे होताना पुन्हा दुखेल. त्यासाठी ही दुसरी गोळी. मी सांगेपर्यंत दोन्ही सोडायच्या नाहीत."

याने दुसरी पुडी उघडलीच नाही. आम्ही सुटे झालो, पेशी धावल्या, अंगठा पेटला. "औषधच बाधलं!" म्हणत याने सगळ्या गोळ्या कचऱ्यात फेकल्या. शाब्बास रे पठ्ठ्या!

तसाच सुजलेला पाय घेऊन हा गाडीवर गेला. रजा मागायची लाज! भर चौकात एक बाई रस्ता ओलांडत होती. ब्रेकवर पाय ठेवला आणि कळ मस्तकात गेली. टाचेने कसाबसा दाबला. गाडी तिच्या पिशवीला घासून थांबली.

"डोळे फुटले का रे तुझे?" ती किंचाळली.

याने किल्ली कंडक्टरच्या हातात दिली आणि पायरीवर बसून ढसाढसा रडला. "माणूस मारला असता मी," एवढंच म्हणत राहिला.

घरी आल्यावर बायकोला म्हणाला, "उद्या बाईंकडे जाऊ. दोन्ही गोळ्या घेईन."

"आणि बूट?"

"बुटाचं नाव काढू नकोस."

मला वाटलं, चार दिवसांचं नाटक. पण मित्रांनो, आता माझी धार गेली आहे, रोज थोडा थोडा विरघळतो आहे. शेवटी काळजीचे दोन शब्द सांगायचे असतात ना? मग ऐका: दुखायचं थांबलं की औषध सोडून द्या, आम्हाला तेवढं पुरतं. लाखो शहाणे ऐकतात माझं. हा एकटा मूर्ख मात्र, अंगठा अजिबात दुखत नसताना, सकाळी उठतो, गोळी घेतो आणि मगच गाडीला हात लावतो.