मधला निळा

हिल्डा वेअरमथने गोधडीच्या मधोमध बोट रोवलं आणि म्हणाली, "हे उसव."

गावच्या प्रार्थनाघराच्या, चॅपलच्या, खोलीत चौकटीभोवती बसलेल्या बायकांच्या सुया थांबल्या. थर्झा जॉपलिंगने मात्र हातातला टाका पुरा केला, गाठ मारली, दोरा दाताने तोडला. मग वर पाहिलं.

"काय उसवू?"

"वेड पांघरू नकोस. ही पाकळ्यांची ओळ. राल्फ स्टॉब्सच्या शर्टाची."

खाणीला मालकांनी टाळं लावल्याला चौथा महिना चालू होता. गावाच्या अन्नछत्रासाठी सोडतीत ठेवायला म्हणून चॅपलच्या बायकांनी ही गोधडी शिवायला घेतली होती. पांढऱ्या कापडावर एकच मोठं फूल, आणि तेही एकाच रंगाचं. नवं कापड आणायचं कुठून? घराघरातून खाणकामगारांचे निळे शर्ट मागून आणले. दुकानातून येतो तेव्हा प्रत्येकाचा शर्ट सारखाच निळा. पुढे धुणाऱ्या हातावर, सोड्यावर, उन्हावर तो ज्याचा त्याचा होत जातो. थर्झाने ते ओळीने लावले होते. कडेला कोऱ्या शर्टांचा काळपट निळा, मग आत उतरत उतरत विटका, आणि गाभ्याशी म्हाताऱ्या जेकबचा शर्ट, ज्यात निळेपणाची नुसती आठवण उरली होती. राल्फचा निळा बरोबर मधला. त्याच्यामुळे गडद हलकेच फिक्यात उतरत होता. त्या पाकळ्या शिवल्या होत्या राल्फच्याच बायकोने, मेगीने. आज तिची जागा रिकामी होती. मालकांच्या अटी मान्य करून सकाळी राल्फ पोलिसांच्या पहाऱ्यात खाणीत उतरला होता.

"भांडण माणसाशी आहे, हिल्डा. शर्टाशी नाही."

"शर्टात माणूसच होता ना? का घुबड होतं?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"त्याची पोरगी तापाने फणफणलीय," थर्झा हळू आवाजात म्हणाली. "औषधाला..."

"आणि आमची पोरं काय लोणी खातायत? फितुराच्या चिंध्या पांघरून झोपेल कोण? उसव तू. नाहीतर मी फाडते."

तिने कापड मुठीत धरलंच होतं. तिने फाडलं असतं तर सबंध फूल गेलं असतं. थर्झाने सुईच्या टोकाने टाके उचलायला सुरुवात केली. मेगीचे टाके बारीक, घट्ट, सहजी निघेनात. निघाली पाकळी की हिल्डा ती उचलून काटक्यांच्या शेगडीत टाकायची. जळक्या कापडाचा वास खोलीत कोंदला. फुलाच्या पोटात पांढरं कडं उघडं पडलं.

दुपारी रस्त्यावर पत्र्याचे डबे वाजू लागले. राल्फ कामावरून परत येत होता. बायका पळ्या, झाकणं, हाताला लागेल ते घेऊन धावल्या. थर्झा एकटी मागे राहिली. तिने रोजचं दुपारचं स्तोत्र म्हणायला घेतलं, पण बाहेरचा गलका असा वाढला की तिला स्वतःचे शब्द ऐकू येईनात. ती खिडकीशी गेली.

आधी शिव्या होत्या, मग चिखलाचे गोळे, मग दगड. एका शिपायाची टोपी गटारात गडगडत गेली. दुसरा भिंतीला टेकून तोंडातलं रक्त थुंकत होता. राल्फ डोक्यावर हात घेऊन पळत होता. चॅपलच्या फाटकाशी त्याचा पाय घसरला, आणि मग तो दिसेनासाच झाला. नुसते बूट वरखाली होताना दिसू लागले. क्षणभर गर्दी फाकली. एक पाठमोरा माणूस कुदळीचा दांडा दोन्ही हातांनी उचलून खाली आणत होता. पुन्हा उचलत होता. राल्फचे हात डोक्यावरून गळून पडले, तरी तो थांबेना. ओलं लाकूड फोडावं तसा आवाज काचेतून आत येत होता.

चेहरा दिसला नाही. दिसायची गरजही नव्हती. रस्त्यावर सगळ्यांच्याच अंगात निळे शर्ट होते, परक्याला ते सगळे एकच वाटले असते. पण त्या पाठीवरचा निळा थर्झाच्या दोरीवर वाळलेला होता.

दांडा टाकून तो माणूस गल्लीत शिरला. लोक पांगले. एकच जण मागे राहिला. तो राल्फपाशी वाकला, मानेखाली हात घालून त्याला उचलू लागला. हिल्डाचा मुलगा, मॅटी. शिट्ट्या वाजवत धावत आलेल्या पोलिसांनी त्याला रक्ताळलेल्या हातांसकट तसाच धरला.

संध्याकाळी विल्फने शर्ट काढून आईच्या पायाशी टाकला. त्याचा बाप खाणीत गाडला गेला त्यानंतर घरात ही दोघंच.

"धुऊन टाक, आई."

थर्झाने बादलीत गार पाणी ओतलं.

"गरम घे की. चूल पेटलीय."

"गरम पाण्यात रक्त पक्कं बसतं."

पावाचा तुकडा तोंडाशी नेता नेता तो थांबला. "रक्त कोण म्हणालं?"

ती घासत राहिली. पाणी तांबूस झालं, ते ओतलं, दुसरं घेतलं. सोडा टाकला. पुन्हा घासलं.

"मारून टाकायचं नव्हतं गं," तो म्हणाला. "चोपायचं होतं नुसतं. मग थांबताच येईना."

"मॅटीला धरून नेलंय."

"सुटेल तो. त्याने काय केलंय?"

"उचलायला वाकलो होतो, असं सांगेल का तो?"

विल्फने मान खाली घातली. फितुराला हात दिलेल्या माणसाला या गावात कुणी पाणीही पाजलं नसतं. मॅटी मुकाट फासावर चढेल, पण ते बोलणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

राल्फ शुद्धीवर न येताच त्याच दुपारी गेला होता. रविवारी त्याला पुरलं. गावात कुणाचंही प्रेत निघालं की रस्त्यावरची घरं पडदे ओढून घेतात. त्या दिवशी एकही पडदा हलला नाही. थर्झाचा हात पडद्यापर्यंत गेला, पण चुलीपाशी बसलेल्या विल्फकडे पाहून परत आला.

फौजदार दारोदार फिरला. सगळीकडे एकच उत्तर.

"मारणाऱ्याच्या अंगात काय होतं?"

"निळा शर्ट, साहेब."

"इथं सगळेच निळा घालतात!"

"मग न्या सगळ्यांना."

मंगळवारी बायका पुन्हा चौकटीवर बसल्या. पांढरं कडं तसंच होतं. कुणी कुठला शर्ट आणून लावून पाहिला, कुणी कुठला. एक गडद पडे, दुसरा फिका. फूल जुळेना. थर्झाने टोपलीतून विल्फचा शर्ट काढला. सोड्याने आणि घासण्याने त्याचा रंग उतरून बरोबर मधला झाला होता. तिने सगळं योजलं होतं. पाकळ्या कापल्या की शर्ट उरत नाही. गोधडी सोडतीत जाईल, न्यूकॅसलच्या कुठल्याशा बड्या घरात पडेल, आणि फुलात शर्ट शोधायला कुठला फौजदार जाणार? देवाने यावर काही सांगितलं नव्हतं. तिनेही त्याला नीट विचारलं नव्हतं.

हिल्डाचे डोळे सुजले होते, आवाज मात्र तसाच खणखणीत.

"डरहॅमच्या तुरुंगात टाकलाय मॅटीला. वकील म्हणतो, हातावरचं रक्तच बोलतंय, फाशी टळणं कठीण. केलं असेल माझ्या पोराने, तर बरंच केलं!" तिने सुई कापडात खुपसली. मग ती बाहेर काढायचं विसरून तशीच बसली. "पण बायांनो, त्याला साधी कोंबडी मारवत नव्हती गं. मलाच मान मुरगाळावी लागायची."

हिल्डाने बाहीने नाक पुसलं आणि तिची नजर थर्झाच्या मांडीवर गेली.

"अगं, हाच! हाच की तो निळा! कुठे दडवला होतास? आणि किती मऊ केलायस धुऊन." तिने शर्ट ओढून घेतला, कात्रीला सोपं जावं म्हणून पाठीकडचं कापड दोन्ही हातांनी ताणून धरलं. "मी धरते. काप तू."

थर्झाने खडूने पाकळी आखली. कात्री कापडाला लावली. कात्रीच्या पात्यांपलीकडे हिल्डाचे अंगठे होते, सुयांनी टोचलेले, नखं चावलेले.

"काप की. कशाची वाट बघतेस?"

"मॅटी त्याला उचलत होता, हिल्डा." थर्झाने कात्री खाली ठेवली. "मी त्या खिडकीत होते. मानेखाली हात घालून उचलत होता."

"फितुराला?" हिल्डाच्या तोंडून निघून गेलं. "माझा मॅटी... उचलत होता?"

"हो."

"मग मारलं कुणी?"

कापड अजून दोघींच्या मध्ये ताणलेलं होतं.

"हा शर्ट त्या दिवशी विल्फच्या अंगात होता."

शेगडीजवळची म्हातारी उठून उभी राहिली. "थर्झा, पोटचा पोर आहे गं तो! पोलिसांना आपला माणूस द्यायचा?"

"मॅटीही आपलाच आहे, आजी," थर्झा म्हणाली. "राल्फही होता."

हिल्डाने खडूची रेघ अंगठ्याने पुसली. बाह्या आत दुमडल्या, लहान मुलाचं झबलं घडी करावं तशी हलक्या हाताने घडी केली, आणि ती छातीशी धरून उठली. तिचा आवाज आता कुणाला ऐकू जाईल न जाईल इतका बारीक झाला होता.

"तू येतेस, की मी एकटी जाऊ?"

थर्झाने शाल खांद्यावर घेतली आणि हात पुढे केला.

"दे इकडे," ती म्हणाली. "तो मीच नेते."