दाराचा गंजका गोळा

टेनेसीच्या त्या डोंगराळ भागात गंज उतरवण्याची विद्या ऑर्विन टॅकेटइतकी कुणालाच येत नाही, असं ऑर्विननेच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. यंत्राने जमिनीतलं जुनं लोखंड हुडकणाऱ्यांचं तिथे मंडळ होतं. नवखा आला की ऑर्विन त्याला बाजूला घेई.

"सोड्याच्या पाण्यात विजेच्या तारेचा काळा चिमटा आपल्या वस्तूला, लाल भंगाराला. वीज सोडली की भंगार झिजतं, वस्तू उजळते. उलटं केलंस तर वस्तूच संपली, बाबा!"

यंदा ओढ्याकाठी त्याला कुऱ्हाडीचं जुनं पातं सापडलं. मंडळात महिन्याची उत्तम वस्तू दर वेळी क्लेटसचीच ठरे. या वेळी त्याच्या नाकावर टिच्चून मान मिळवायचाच, असं ऑर्विनने ठरवलं.

भंगार हवं होतं. स्वयंपाकघराचं दार आपटू नये म्हणून त्याची बायको रोवेना गंजाचा एक गोळा टेकवून ठेवी. लग्नाच्या वर्षी बटाटे खणताना तिला तो मिळाला होता.

"अरे, तो माझ्या दाराचा आहे."

"दाराला दगड लाव गं! हे शास्त्राचं काम आहे."

"बरं," म्हणून रोवेना प्रार्थनेला बसली.

चिमट्यांची रंगीत टोपणं कधीच गळून पडली होती. पण ज्याला सगळं तोंडपाठ, तो खुणा कशाला करतो? पातं आणि गोळा पाण्यात सोडून त्याने चिमटे लावले, वीज सुरू केली आणि आठवडाभर तो तिकडे फिरकलाही नाही. घाई करायची नसते, हाही त्याचाच उपदेश.

शुक्रवारी त्याने पाण्यात हात घातला. ओढ्याकाठचं पातं कुरतडलेल्या पापडासारखं हाती आलं. आणि गोळ्यातून निघाली रुंद पात्याची, लोहाराचा ठसा उमटलेली देखणी कुऱ्हाड.

त्याने कुऱ्हाडीला जवसाचं तेल आणि मेण लावलं.

"उद्या मंडळात तू नुसती तुझी ती सफरचंदाचं सारण भरलेली ॲपल-पाय घेऊन चल. बोलेन मी."

"खोटं बोलणार असशील तर आधी सांग," रोवेना हळूच म्हणाली. "तुझ्या नावाने आत्ताच क्षमा मागून ठेवते."

मंडळात क्लेटसने कुऱ्हाड उलटीसुलटी केली. नियम एकच होता: वस्तू आणणाऱ्याने स्वतः खणून काढलेली हवी.

"कुठे सापडली रे?"

ऑर्विनचे कान तापले. रोवेना ॲपल-पायचे तुकडे कापत होती, मान खाली घालून.

"हिच्या वाफ्यात," तो म्हणाला. "हिलाच."

"कुठल्या यंत्राने, वहिनी?"

"कुदळीने."

वर्गणी नवरा-बायकोची जोडीने भरलेली होती. त्यामुळे मान रोवेनाला मिळाला.

"पण साफ काय झालीय!" क्लेटस म्हणाला. "कसं केलंस, सांग की."

आयुष्यात पहिल्यांदाच ऑर्विनला ॲपल-पाय खाण्याची घाई झाली.

कुऱ्हाड आता बैठकीत काचेआड आहे. दाराला त्याने स्वतःचं पातं टेकवून दिलं. पण ते इतकं हलकं झालंय की जरा वारा आला की दार त्याला ढकलत जाऊन आपटतं.

"असू दे," रोवेना म्हणते. "दगड आणते मी."