नऊ ते दहाची परवानगी

मी एक जुना ड्रोन आहे, मित्रांनो, आणि माझा एक हात मोडलेला आहे. पण म्हणून माझी कीव करू नका. ज्या दिवशी तो मोडला, त्या दिवशी माझं काहीही चुकलेलं नव्हतं. त्याआधी एकदा मात्र चुकलं होतं. तेही सांगतो.

माझी मालकीण रीटा लग्नाचे फोटो काढते. विरारला तिचा लहानसा स्टुडिओ आहे. चार वर्षांपूर्वी मला आणलं, तेव्हा तिने रीतसर प्रशिक्षण घेतलं आणि माझ्या पोटावर नोंदणीचा नंबर चिकटवला. हो, गाडीसारखा आम्हालाही नंबर असतो. एकशेवीस मीटरच्या वर जायचं नाही, उडवणाऱ्याच्या नजरेआड व्हायचं नाही, गर्दीच्या डोक्यावर फिरायचं नाही. शहरात पोलिसांचा मनाई आदेश असेल, तर लेखी परवानगीशिवाय जमीन सोडायची नाही. हे सगळं रीटाला पाठ होतं.

तरी चंदनसारच्या एका वरातीत नवरदेवाचा भाऊ संग्राम तिच्या मागे लागला. "मॅडम, पब्लिकच्या वरून एक शॉट घ्या ना. दोन मिनिटांचं काम आहे." तिने आधी नाही म्हटलं, मग ती भिडेला बळी पडली. परवानगीही काढलेली नव्हती. मी वरातीवर गेलो, रोषणाईच्या माळेत अडकलो आणि एका ढोलवाल्याच्या कपाळावर पडलो. त्याला तीन टाके पडले. रीटा त्याला दवाखान्यात घेऊन गेली आणि तिथून स्वतःच पोलीस ठाण्यात गेली. दोन महिने मी तिथल्या कपाटात होतो. मला परत देताना हवालदार दिनानाथ तिला म्हणाले, "नियम काय आम्हाला हौस म्हणून नसतात, ताई." रीटा मान खाली घालून उभी होती. मलाही लाज वाटली होती. अजून वाटते.

पुढच्या वर्षी वटारची फ्लोरा मावशी स्टुडिओत आली. नात्याने मावशी नव्हे, रीटाच्या आईची मैत्रीण. तिची केळीची वाडी होती. वाडीतलं पाणी एका ओहोळातून खाडीकडे जाई. तो ओहोळ ज्या शेजारच्या जागेतून जाई, ती विकीशेठ नावाच्या माणसाने घेतली, चारी बाजूंनी उंच पत्रे ठोकले आणि आत पाडलेल्या इमारतींचं राबिट ट्रकच्या ट्रक येऊ लागलं. त्या पावसाळ्यात मावशीच्या वाडीत अकरा दिवस पाणी साचलं. केळी उभ्या उभ्या कुजली.

"कचेरीत गेले तर म्हनतात, ओहोळ बुजवलाय त्याचा पुरावा आना," मावशी म्हणाली. "पत्र्याच्या पलीकडं मला कसं दिसनार? तुझ्या त्या पाखराला दिसेल."

विकीशेठच्या कानावर हे गेलं. त्याने निरोप पाठवला की इकडे ड्रोनला बंदी आहे, उडवाल तर आत जाल. रीटा घाबरली नाही. तिने पोलिसांना अर्ज लिहिला. जागा, तारीख, वेळ, माझा नंबर, सगळं त्यात होतं. चार खेपा घातल्यावर शिक्का मिळाला. परवानगी फक्त मावशीच्या वाडीवर, सकाळी नऊ ते दहा.

ठरल्या दिवशी मी उडालो. पत्र्याची हद्द एक वीतही ओलांडली नाही. ओलांडायची गरजच नव्हती. शंभर मीटरवरून सगळं स्वच्छ दिसत होतं. एका बाजूने ओहोळ येत होता, दुसऱ्या बाजूने निघत होता आणि मधे तो नव्हताच. मधे राबिटाचा डोंगर होता.

विकीशेठ तरातरा आला. त्याने पोलिसांनाही बोलावलं होतं. आले ते दिनानाथच.

"साहेब, ही लोकं आमच्या जागेवर नजर ठेवतात. उतरवा ते आधी."

दिनानाथांनी रीटाचा कागद सावकाश वाचला. मान वर करून माझी जागा पाहिली. मग घड्याळ पाहिलं. "ड्रोन मावशींच्या वाडीवर आहे. आत्ता नऊ चाळीस झालेत. अजून वीस मिनिटं आहेत त्यांची."

विकीशेठ पाय आपटत परत गेला. थोड्याच वेळात मी खाली उतरत असताना पत्र्याआडून एक दगड आला. पहिला चुकला. दुसरा माझ्या हातावर बसला आणि मी केळीत कोसळलो. रीटा धावत आली. माझ्याकडे बघण्याआधी तिने माझ्यातलं फोटोंचं कार्ड काढून मुठीत घट्ट धरलं. मला राग आला नाही. मीही तेच केलं असतं.

दगड कोणी मारला ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण कचेरीतल्या सुनावणीत फोटो ठेवले गेले, जुन्या नकाशावरचा ओहोळ त्यांच्याशी ताडून पाहिला गेला आणि राबिट उपसायचा आदेश निघाला. मावशीची ती केळी गेली ती गेलीच. पत्रेही अजून उभे आहेत. पण पाणी वाहतं.

दुरुस्तीवाला म्हणाला, भंगारात द्या. रीटाने दिलं नाही. आता रविवारी मिस्सा संपल्यावर ती मला चर्चच्या सभागृहात नेते आणि लोकांना नियम समजावते.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना जपून उडवा. खाली माणसं असतात, त्यांची कपाळं असतात. आणि नियम स्वतः वाचा. जो ते वाचत नाही, त्याला कोणीही त्याच नियमांची भीती दाखवून घरी बसवतो.

गेल्या महिन्यात मनाई आदेशाची मुदत वाढली. दुसऱ्याच दिवशी रीटाच्या नव्या ड्रोनच्या परवानगीसाठी अर्ज गेला. या वेळी खाली सही फ्लोरा मावशीची होती.

"पुन्हा कशाला, मावशी?" दिनानाथांनी विचारलं. "ओहोळ तर मोकळा झाला."

"मोकळाच राहिलाय का ते बघायला," मावशी म्हणाली. "दर महिन्याला येनार मी. शिक्का तयार ठेवा."