रोवेनाचा होकार

"डॅलसची शाखा सांभाळशील?" ह्यूस्टनच्या बालउपचार केंद्राच्या मालकीणबाईंनी विचारलं, आणि फिजिओथेरपिस्ट रोवेनानं हसून मान डोलावली. वरिष्ठांना तोंडावर नाही म्हणणं फिलिपिनो घरांत उद्धटपणा ठरतो.

तिच्याच गावच्या नेनितानं, सहकारिणीनं, कपाळावर हात मारला. "अगं शहाणे, तुझ्या ग्रीन कार्डाचा अर्ज बाईंनी इथल्याच नोकरीवर केलाय! शहर बदललं की सगळं पहिल्यापासून. जा, नाही म्हणून ये."

"रागावून त्यांनी अर्जच मागे घेतला तर, ताई?"

नेनितानं तिला मालकीणबाईंच्या खोलीकडे ढकललं.

मुलांना पहिलं पाऊल टाकायला शिकवणारी रोवेना आज स्वतःच एकेक पाऊल मोजत आत गेली.

"बाई, मला डॅलसला जाता येणार नाही."

मालकीणबाईंनी सावकाश चष्मा काढला. "दार लावून घे," त्या म्हणाल्या.