चालकाचा रकाना

कागदावर गाड्या चार होत्या आणि चालक तीनच. महानंदाच्या नजरेनं ते लगेच टिपलं. टिपणार नाही तर काय! टपाल कचेरीच्या खिडकीमागे बत्तीस वर्षं बसलेली बाई ती. भरलेले रकाने तिला नंतर दिसायचे, कोरा आधी.

बेंगळुरूला, येलहंक्यातल्या तिच्याच घरात, तिच्याच टेबलावर, तिनंच केलेल्या पोह्यांच्या बशीशेजारी तो कागद पडला होता. फेब्रुवारीत हिमाचलात स्पितीला जायचं, बर्फातून गाड्या हाकायच्या आणि दोन मुक्काम बर्फातच तंबू ठोकून करायचे, असा बेत. गाडी, चालक, सोबती, रक्तगट असे रकाने आखलेले. पहिली गाडी अभिजीतची. हा मूळचा बेळगावचा, महानंदाच्या नवऱ्याचा जुना दोस्त आणि या सगळ्या खटाटोपाचा म्होरक्या. दुसरी अद्वैत आणि निधीची. पुण्याहून आलेलं, बेळ्ळंदूरला कंपनीत काम करणारं तरुण जोडपं. तिसरी दयानंदची. त्याचं गल्लीच्या तोंडाशी गॅरेज. चौथी जिप्सी. तिच्यात सोबती म्हणून निधीचं नाव होतं. रक्तगटही होता, महानंदाचाच, बी पॉझिटिव्ह. चालक? काही नाही. पांढराशुभ्र कागद.

"हे काय रे अभिजीत? इथं नाव घालायचं राहिलं की."

अभिजीतनं पोह्यांचा मोठा घास घेतला. "घालूया की वैनी. गडबड काय आहे?"

"बाकीच्यांची घालताना गडबड होती वाटतं?"

अद्वैतनं फोन काढला. दयानंद छताच्या पंख्याकडे बघायला लागला, जणू तो पंखाही दुरुस्तीला आला होता. आणि निधी, जी एरवी कपात साखर किती हेही चार वाक्यांत सांगायची, ती गप्प.

कुठंतरी पाणी मुरतंय, महानंदानं मनाशी म्हटलं.

जिप्सी पद्माकरची. पद्माकर म्हणजे महानंदाचा नवरा. तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी तो बाजारातून आला, गाडी अंगणात लावली, भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली, खुर्चीत बसला आणि गेला. इतकंच. स्पितीचा बेत मुळात त्याचा. बर्फात जिप्सी चालवायची म्हणून वीस वर्षं घोकत होता बिचारा. त्याच्या तेराव्यानंतर महानंदानं किल्ली उचलली ती आजतागायत कुणाला दिली नव्हती. बँकेत जिप्सी, मंडईत जिप्सी, निपाणीला माहेरी जिप्सी. पद्माकर होता पावणेसहा फुटांचा आणि ही जेमतेम पाच, म्हणून पाठीमागे एक जाड उशी घेऊन बसायची. वर्षापूर्वी दयानंद पायाखालची चटई बदलत होता आणि त्याचा हात सहज सीटखालच्या दांड्याकडे गेला, तर बाई अशी किंचाळली की समोरचा इस्त्रीवाला इस्त्री हातात घेऊनच धावत आला. दयानंदनं त्यानंतर त्या दांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

तर अशी ती गाडी. आणि तिच्या नावापुढे चालक नाही म्हणजे काय? बाई मागे बसणार, डबे सांभाळणार आणि हिचा नवरा जिथं बसायचा तिथं दुसराच कुणी बसणार. गाडी हवी, वैनी नको! महानंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं पोहे दुसऱ्यांदा वाढले. खिडकीमागे बसून एवढं तरी शिकली होती, की समोरच्यावर संशय आला तर आधी हसून बोलावं.

मग तिला सगळीकडे तेच दिसायला लागलं. बुधवारी अभिजीतचा फोन आला. "वैनी, तुमची उंची नेमकी किती हो?"

"कशाला?"

"जाकीट. जाकिटं मागवालोय."

जाकिटाचं माप सगळ्यांनी पंधरा दिवसांपूर्वी दिलं होतं. शुक्रवारी दयानंद गॅरेजमधून हाक मारून म्हणाला, "अक्का, जिप्सी दोन तास सोडून जावा की. स्वल्प काम आहे." काय काम, तर म्हणे ब्रेक. ब्रेक त्यानंच दिवाळीत केले होते. "राहू दे," ती म्हणाली आणि किल्ली पर्समधून काढून ब्लाउजमध्ये ठेवली.

शनिवारी मात्र कहर झाला. निधी बर्फात घालायचे हातमोजे दाखवायला आली, पाणी प्यायला आत गेली आणि तिचा फोन टेबलावर उजळला. महानंदा काही वाकून बघणारी बाई नव्हे. पण फोन आपण होऊन उजळला तर डोळे मिटून घ्यायचे का माणसानं? वर ग्रुपचं नाव होतं 'जिप्सी'. खाली अभिजीतचा निरोप: 'उद्या कोल्ड स्टोरेजमध्ये मोजून घेऊ. वैनींना आत गुंतवून ठेवा.'

स्पितीचा ग्रुप निराळा होता, त्यात ती होती. जिप्सी नावाचा ग्रुप आणि त्यात जिप्सीवालीच नाही! तिला वाटलं, आत्ता हिला विचारावं, हातमोजे तोंडावर फेकावेत. मग वाटलं, नको. उद्या रंगेहाथ पकडते एकेकाला. निधी बाहेर आली तेव्हा महानंदा गोड हसून म्हणाली, "छान ऊबदार आहेत गं." पोरगी गेल्यावर मात्र दार लावून ती पद्माकरच्या खुर्चीसमोर बसली आणि मोठ्यानं म्हणाली, "बघितलंत तुमचे दोस्त?" तिला फार एकटं वाटलं. हीच चार माणसं तीन वर्षं रविवारी येत होती म्हणून घरात आवाज होता. तीच आता पाठीमागून कुजबुजणार असतील तर बर्फ कसला आणि स्पिती कसली?

आता कोल्ड स्टोरेजचं सांगायचं, तर बेंगळुरूकरांना बर्फ भेटणार कुठं? फ्रीजमध्ये नाहीतर उसाच्या रसात. म्हणून अभिजीतनं ही युक्ती काढली होती. हेब्बाळच्या पुढे मटार आणि आंब्याचा रस गोठवून ठेवायचं एक गोदाम होतं, त्याचा तो मॅनेजर. रविवारी गोदाम बंद असलं की सगळी वरात तिथं जायची आणि उणे अठरामध्ये तालीम चालायची. मटाराच्या पोत्यांमध्ये तंबू ठोकायचा, हातमोजे न काढता स्टोव्हची टोपी उघडायची, दयानंदनं आणलेल्या चाकावर बर्फाची साखळी चढवायची. बाहेर माणसं अर्ध्या बाह्यांत फिरताहेत आणि आत ही मंडळी कानटोप्या घालून थरथरताहेत. वॉचमन त्यांना वेडेच समजायचा. समजू दे.

त्या रविवारी महानंदानं साखळी नऊ मिनिटांत चढवली. अद्वैतला चौदा लागली होती.

"काकू, सुपर!" अद्वैत म्हणाला.

"बघ म्हणजे झालं," ती म्हणाली. तिच्या मनात होतं, नऊ मिनिटांवालीला मागे बसवताय आणि चौदावाल्याला पुढे.

अभिजीतनं घसा खाकरला. "वैनी, किल्ली देता काय? गाडी आडवी लागलीय, स्वल्प सरळ करतो. तुम्ही आणि निधी तेवढा तंबू गुंडाळा."

आलं मैदानात, महानंदा मनात म्हणाली. तिनं निमूट किल्ली दिली. तिघे पुरुष बाहेर गेले. निधी तंबूच्या घडीला लागली आणि घडी काही केल्या संपेना. एकदा गुंडाळला, तर म्हणे काकू, वाकडा झाला, पुन्हा करू. पुन्हा केला, तर म्हणे खुंट्या मोजू. मोजल्या. "आता परत मोजू का?" निधीनं अगदी केविलवाण्या चेहऱ्यानं विचारलं.

"मोज तू," महानंदा म्हणाली आणि चालू पडली.

दाराला प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा होता. ती त्याच्या आत थांबली आणि एक पट्टी बाजूला केली. जिप्सी आडवी वगैरे काही नव्हती. दार उघडं होतं. चालकाच्या जागेवर अद्वैत बसला होता. पावणेसहा फुटांचा, लांब तंगड्यांचा अद्वैत, काही न सरकवता, काही न बदलता, जणू सीट त्याच्याच मापानं केली होती. त्याच्या पायाशी अभिजीत मोजपट्टी धरून वाकला होता आणि दयानंद पेन्सिलीनं काहीतरी लिहून घेत होता. तिची उशी बाहेर जमिनीवर.

उशी जमिनीवर बघितली आणि तिचा तोल गेला.

"उतर!" ती ओरडली. "खाली उतर आधी! लाज नाही वाटत? ज्याच्या ताटात जेवलात त्याची गाडी ढापायला निघालात? आणि तू रे अभिजीत, भाऊ म्हणत होते ना तुला! ग्रुप काढता माझ्या पाठीमागं? सरळ सांगायचं होतंत, वैनी, तुम्ही म्हाताऱ्या झालात, गाडी द्या आणि घरी बसा!"

अद्वैत इतक्या घाईनं उतरला की डोकं वरच्या दांडीला आपटलं. अभिजीत मोजपट्टी हातात घेऊन तसाच वाकलेला. "वैनी, तसं न्हवे हो..."

"मग कसं?"

दयानंद अभिजीतकडे बघतोय, अभिजीत दयानंदकडे. शेवटी पडद्यातून धावत आलेली निधीच बोलली. तिच्या चष्म्यावर धुकं धरलं होतं, तो तिनं काढला.

"काकू, तुमचा पाय क्लचला पुरत नाही."

"काय?"

"मागे आपण दगडांच्या खाणीत प्रॅक्टिस केली ना, तेव्हा चढावर गाडी तीनदा बंद पडली. मी तुमच्या शेजारीच होते. तुम्ही बोटांवर दाबत होता क्लच. अर्धाच जातो तो. बर्फावर, घाटात असं झालं तर गाडी मागे सरकेल, काकू. मी तुमच्याच गाडीत असणारे."

"ते कार्ब्युरेटरमुळे झालं."

"कार्ब्युरेटर झकास आहे, अक्का," दयानंद खाली मान घालून म्हणाला. "मी दोनदा बघितला."

"मग सांगायचं नाही का मला?"

"कसं सांगायचं?" आता अभिजीतही चिडला. "सीट पुढं घ्या म्हणून कोण सांगणार तुम्हाला? दयानंदनं नुसता हात लावला तर गल्ली गोळा झाली होती! पद्म्यानं लावलेली सीट आहे ती, कळतंय की आम्हाला. म्हणून म्हटलं, सीट नको हलवूया, पेडलच वर आणूया."

दयानंदनं पिशवीतून एक वस्तू काढली. शिसवीचा ठोकळा, पायाच्या आकाराचा, वर रबर डकवलेलं, खाली दोन पट्ट्या. नीट तासून, पॉलिश करून आणलेला. "क्लचवर बसवायला," तो म्हणाला. "तीन केले. हा तिसरा. अद्वैतचा पाय तिथं नीट पोचतोय, मग तुमच्या उंचीला किती कमी पडतंय ते मोजत होतो. पण खरं सांगू का अक्का, मला हे पटत नाही. आज आत गारठलेल्या बुटानं दाबून बघितलं, सटकतोय. म्हणून तर तुमचं नाव लिहिलं नाही. ठोकळा नीट, सरी होत नाही तोवर लिहू नको म्हणून मीच अडवलं ह्यांना. ग्रुपवर दहा दिवस हेच भांडण चाललंय."

महानंदानं ठोकळा हातात घेतला. कडा किती गुळगुळीत केल्या होत्या! आपण ह्या माणसांना काय काय बोललो, ताटापर्यंत गेलो, हे आठवून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तरी रागही जाईना, कारण आता संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं. उरली होती ती फक्त सीट.

रोजचं भांडण होतं ते. ती गाडी नेऊन आणायची, सीट पुढे असायची. मग पद्माकर आत शिरताना गुडघा आपटून घ्यायचा आणि अंगणातून बोंब मारायचा, "महा, सीट कुणी सरकवली?" घरात जणू दहा माणसं राहत होती. ती आतूनच सांगायची, "मांजरानं!" तीस वर्षं तोच प्रश्न आणि तेच उत्तर. त्या मंगळवारी त्यानं मागे घेतलेली सीट, ती तशीच होती. ती पुढे आली की मग तो शेवटचा आला होता याची खूण कुठं राहणार? हे सगळं तिनं कुणाला कधी सांगितलं नव्हतं. सांगायला लागलंच नव्हतं. ह्यांना आपलं आपणच कळलं होतं आणि म्हणून मोठी माणसं लाकडं तासत बसली होती. तिला रडू फुटलं. तिथंच, गोदामाच्या दारात, कानटोपी घालून ती पोटभर रडली. निधीनं तिचा हात धरून ठेवला. पुरुष मंडळी मोजपट्टी गुंडाळत राहिली.

मग तिनं नाक पुसलं. "दयानंद, तेल आहे काय गाडीत? गंज सुटायचं?"

"आहे की, अक्का."

"दे इकडे. नाही, मीच मारते."

ती वाकली. दांडा गंजून घट्ट बसला होता. तेल मारलं, थांबली, पुन्हा मारलं. अभिजीत मदतीला पुढे झाला तर तिनं त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो मागे झाला. मग दोन्ही हातांनी दांडा ओढून तिनं गुडघा सीटला लावला आणि जोर केला. सीट करकरत चार बोटं पुढे आली. आणखी एक हिसका दिला, आणखी दोन बोटं.

महानंदा चढून बसली. उशी न घेता. डावा पाय उचलला आणि क्लच दाबला. तो सरळ, पुरता, तळाला टेकला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

ती तशीच पाय दाबून बसली. समोर गोदामाचं अंगण, पलीकडे हेब्बाळकडे जाणारा रस्ता. तिनं क्षणभर कान दिले. कुणीही काही विचारलं नाही.

"मांजरानं," ती म्हणाली.

"काय म्हणालात, अक्का?" दयानंदनं विचारलं.

"काही नाही. तो रकान्यांचा कागद आणि पेन आण इकडे. आणि अभिजीत, किल्ली दे."