कायाबाचोच्या खणातले दोन शिक्के

सकाळी पावणेनऊ वाजता पोलिसांनी टोकियोजवळच्या कावासाकी शहरातल्या एका गोदामाचे शटर अर्धे वर केले आणि ते वाकून आत शिरले. आत छतापर्यंत खोकी होती आणि खोक्यांत व्हिडिओ कॅसेटी. दाराजवळच्या भिंतीवर एक कागद चिकटवला होता. गोदामाची जबाबदारी कोणाची, ते त्यावर लिहिले होते : पद्मिनी वर्तक. नावापुढे लाल ठसा होता.

त्याच वेळी पद्मिनीताई ग्योतोकुच्या आपल्या घरी पाच वर्षांच्या सोनलची वेणी घालत होत्या. कावासाकी त्यांनी तोवर आगगाडीच्या खिडकीतूनही पाहिले नव्हते.

मित्रांनो, भिंतीवरचा तो ठसा माझा नव्हता. पण तो उठवला गेला तेव्हा मी त्याच टेबलावर, वीतभर अंतरावर पडलो होतो. तेव्हापासून मला भीती वाटते आहे. ती अजून गेलेली नाही.

मी लाकडाचा एक शिक्का. इथे जपानात आम्हाला हांको म्हणतात. तुमच्याकडे माणूस सही करतो, इथे तो शिक्का उठवतो. घर भाड्याने घ्यायचे असो, बँकेत खाते उघडायचे असो, लग्न नोंदवायचे असो की दारात आलेले पार्सल घ्यायचे असो, लोक खिशातून आम्हाला काढतात. सहीसाठी माणसाला स्वतः यावे लागते. आम्हाला मात्र कोणाचाही हात चालतो.

माझा जन्म १९८१ सालचा, टोकियोच्या मोन्झेन-नाकाचो भागातल्या एका अरुंद दुकानातला. पिवळसर, घट्ट लाकूड माझे. कोरणारा म्हातारा समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघून हसला होता. "वास्सोर! एवढं नाव बसवायचं म्हणजे शिक्का जाड लागेल," तो म्हणाला. म्हणून मी इतर शिक्क्यांपेक्षा अंगाने जाड आहे. गिऱ्हाईक होते ल्युक वास्सोर, माझे मालक. वय चोवीस. फ्रान्समधल्या एका बंदरगावातून ज्यूदो शिकायला आलेले. वर्षभरात त्यांचा गुडघा गेला आणि ज्यूदो सुटला. पण परत जायची त्यांना लाज वाटली.

त्यांनी आधी फ्रेंच शिकवले, मग एका कॅसेटच्या दुकानात गल्ला सांभाळला. तिथे त्यांच्या लक्षात आले की लोक नावाजलेले फ्रेंच सिनेमे घेऊन जातात आणि तसेच परत आणतात. मागच्या पडद्याआडच्या कपाटातल्या कॅसेटी मात्र परत यायला नेहमी उशीर होतो. मोठ्यांनी मोठ्यांसाठी काढलेल्या, मुलांनी बघायच्या नसलेल्या अशा त्या कॅसेटी होत्या. १९८६ साली मालकांनी त्याच मालाची स्वतःची कंपनी काढली. नोंदणीच्या कागदावर मी उठलो. ठसा उठवण्याआधी ते माझ्या तोंडावर हळूच श्वास सोडत. शाई ओली राहावी म्हणून पुष्कळ लोक तसे करतात, पण त्यांच्या श्वासाला कॉफीचा वास असे. मला तो आवडे.

पुढची चार-पाच वर्षे टोकियोत सगळ्यांचेच बरे चालले होते. मालकांनी कायाबाचोला कचेरी घेतली. माझ्या कडांतली शाई वाळायला सवड मिळत नसे. बाहेरचे व्यापारी वाकून नमस्कार करत आणि "वास्सोर-सानचा शिक्का म्हणजे काम झालं," असे म्हणत ('सान' म्हणजे तुमचे राव किंवा बाई). ते ऐकून मी सुखावत असे, हे लपवत नाही.

घरी मालक वेगळे होते. चिएको-सान ह्या त्यांच्या पत्नी आणि मारी ही मुलगी. लग्नाच्या नोंदणीवरही मीच आणि मारीच्या शाळेच्या प्रवेशावरही मीच. चिएको-सानना धंदा ठाऊक होता, त्यांच्या आईला नव्हता. जावई फ्रेंच स्वयंपाकाच्या कॅसेटी विकतो, असे आजींना सांगितलेले होते. आजी दर नवीन वर्षाला विचारत, "एखादी आणलीस का?" शेवटी मालकांनी खरोखरच फ्रान्सहून स्वयंपाकाच्या कॅसेटी मागवल्या आणि कंपनीची एक लहान शाखा त्यावर चालू केली. खोटे बोललेले निस्तरायला त्यांना हाच मार्ग सुचला.

त्यांचा जीव होता तो शेवंतीत. गच्चीवर कुंड्या, प्रत्येक रोपाला एकच फूल, फुलाखाली तारेची चकती, पाकळी पाकळी चिमट्याने सरळ केलेली. नोव्हेंबरातल्या प्रदर्शनात त्यांना दोनदा बक्षीस मिळाले. "माझ्या गावी हे फूल थडग्यावर वाहतात," असे ते एकदा चिएको-सानना म्हणाले. "मी हे वाढवतो, हे आईला कधी कळवलं नाही."

मग वाईट दिवस आले. दुकाने बंद पडू लागली. इथला कायदा असा की अशा कॅसेटींतला काही भाग धूसर करूनच त्या विकायच्या. फ्रान्समध्ये तशी सक्ती नाही. मालक तिथला माल जसाच्या तसा आणू लागले. इथे तो गुन्हा होता आणि मालकांना ते पुरते ठाऊक होते. माल कचेरीत नको म्हणून कावासाकीला गोदाम घेतले. त्या दिवसापासून माझे ठसे वाकडे पडू लागले. ठसा उठवताना त्यांचे लक्ष दाराकडे असे.

१९९५ च्या जानेवारीत पद्मिनीताई आल्या. त्यांचे यजमान दिगंबरराव मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेत तीन वर्षांसाठी आलेले. ताई पुण्यात फ्रेंच शिकवत. इथे सोनल बालवाडीत गेली की दिवस खायला उठे, म्हणून त्यांनी अर्धवेळ काम धरले. स्वयंपाकाच्या कॅसेटींचा पत्रव्यवहार आणि पाककृतींचे इंग्रजी भाषांतर, एवढेच त्यांच्याकडे होते. कंपनीची दुसरी बाजू त्यांना कोणी सांगितली नाही, आणि खोक्यांवर तर सगळीकडे सारखीच पाटी असे.

रोज कामावर आल्यावर हजेरीच्या कार्डावर शिक्का उठवायचा, ही इथली रीत. ताईंचा शिक्का त्यांनी ग्योतोकु स्टेशनजवळ करून घेतलेला, काळा, प्लास्टिकचा, हलका. तो रोज घरी राही. शेवटी मालक म्हणाले, "इथेच ठेवा माझ्या खणात." ताईंनी ठेवला. अशा रीतीने तो माझ्या शेजारी आला.

हिशेबनीस मोरिता-सानना हे रुचले नाही. "पद्मिनी-सान, हा घरी न्या," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याच्या खणात ठेवू नये."

"अहो मोरिता-सान, प्लास्टिकचा तुकडा तो," ताई हसत म्हणाल्या. "काय मंगळसूत्र आहे, गळ्यात घालून फिरायला?" मग मंगळसूत्र म्हणजे काय हे समजावण्यात चहाची वेळ संपून गेली आणि शिक्का खणातच राहिला.

त्यांना दोष देण्याआधी एवढे लक्षात घ्या, मित्रांनो. जिथे सही चालते, तिथे वाढलेल्या माणसाला वाटते की आपले नाव आपल्या बोटांत असते. इथे ते खणातही असू शकते, हे त्यांना कोण सांगणार?

जुलैत एका दुपारी पार्सलवाल्याने चुकीचे खोके वर आणून ठेवले. ताईंनी सवयीने ते उघडले. कॅसेटवरचे चित्र पाहिले, दुसरी काढली, तिसरी काढली. मग झाकण लावून त्या खुर्चीत बसल्या. हाताने त्यांनी झाकण दाबून धरले होते, जणू आतून काही बाहेर येईल. नंतर त्यांनी बँकेत फोन केला. दिगंबरराव अर्ध्या तासात येऊन पोहोचले. मालक बाहेर गेले होते. ती दोघे मराठीत मोठ्याने बोलली, कारण इथे कोणाला कळणार होते? पण सहा महिने ताईंचे गुणगुणणे आणि सोनलशी फोनवरचे बोलणे ऐकून मला मराठी कळू लागली होती.

"सगळा माल असलाच?" दिगंबररावांनी विचारले.

"मला काय माहीत! मी आपली कांद्याच्या सूपचं भाषांतर करत बसले होते."

"वा. पुण्याच्या फ्रेंचचं सोनं झालं."

"अहो, थट्टा सुचतेय तुम्हाला? माझे हातपाय गार पडलेत."

दिगंबररावांनी आवाज उतरवला. "माझेही पडलेत, म्हणून बोलतोय. तुझ्या इथल्या कामाच्या परवान्यावर असलं काम चालत असेल असं मला वाटत नाही. बँकेत कळलं तर पुढच्या विमानानं मुंबई. आणि आपल्या लोकांत कळलं, तर गणपतीला तोंड कसं दाखवायचं? उठ. पर्स घे. परत इथं पाऊल टाकायचं नाही."

ताईंनी पर्स घेतली, छत्री घेतली, सोनलने काढलेले चित्र भिंतीवरून काढले. खणाकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

दोन दिवसांनी मोरिता-साननी त्यांना घरी फोन केला. मला एकच बाजू ऐकू आली. "तुमचा शिक्का राहिला आहे... येता का घ्यायला?... बरं, मी पोस्टानं पाठवते... का नको?... कंपनीच्या पाकिटात नाही, साध्या पाकिटात... तेही नको?... टाकून देऊ? पद्मिनी-सान, माणसाचा शिक्का टाकून देता येत नाही!" फोन ठेवून त्यांनी खण उघडला. ताईंनी स्टेशनजवळ दुसरा शिक्का करायला टाकला होता, हे मला पुढे कळले. ह्या कचेरीतून पाकीटसुद्धा घरी येऊ नये, इतकी त्यांना भीती वाटत होती. त्या भीतीपोटी त्यांनी आपले नाव तिथेच सोडले. मोरिता-साननी तो काळा शिक्का कागदात गुंडाळला आणि होता तिथेच ठेवला.

सप्टेंबरात गोदामाच्या मालकाचा फोन आला. पोलीस शेजारीपाजारी चौकशी करत आहेत, आणि आत जबाबदार माणसाचे नाव लावलेले नाही, तेव्हा ते लावा, असे तो म्हणाला. त्या संध्याकाळी माझ्या मालकांनी मला बाहेर काढले. डबीचे झाकण उघडले, श्वास सोडला, मला कागदाजवळ नेले. आणि थांबले. कागदावर त्यांचे नाव अजून लिहिलेले नव्हते. त्यांनी मला टेबलावर आडवे ठेवले.

मग त्यांनी खणातली ती कागदाची पुडी उलगडली.

मित्रांनो, ते राक्षस नव्हते. त्यांनी काळा शिक्का दोनदा परत ठेवला. चिएको-सानना फोन लावला आणि "मारी झोपली का?" एवढेच विचारून ठेवून दिला. मग कागदावर पद्मिनी वर्तक हे नाव लिहिले. तारीख मेची घातली, ताई कामावर होत्या त्या महिन्यातली. काळ्या शिक्क्याच्या तोंडावर त्यांनी श्वास सोडला, तसाच हळू, जसा चौदा वर्षे माझ्या तोंडावर सोडत आले होते. ह्या वेळी ठसा अगदी सरळ उठला.

मी ओरडलो असतो. पण माझ्या तोंडात एकच नाव कोरलेले आहे, आणि ते कागदावर लागल्याशिवाय मला बोलता येत नाही.

छाप्यानंतर पोलिसांनी खण रिकामा केला. आम्ही दोघे आता वेगवेगळ्या पारदर्शक पिशव्यांत, पोलीस ठाण्यातल्या एका टेबलावर आहोत. मालकांना त्यांच्या घरून आणले. शेवंतीच्या प्रदर्शनाला आठवडा उरला होता. ते पलीकडच्या खोलीत आहेत आणि एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. मोरिता-सान येऊन गेल्या. शिक्का खणात असे, हे त्यांनी सांगितले. मेमध्ये तो कोणी उठवला, हे त्या सांगू शकल्या नाहीत.

आज पद्मिनीताईंना बोलावले होते. दिगंबरराव बँकेतून रजा घेऊन बरोबर आले. साहेबांना काय कारण सांगितले, असे ताईंनी बाहेरच्या बाकावर विचारले.

"खरं सांगितलं."

"सगळं?"

"सगळं. आता लपवायला राहिलंय काय?" मग ते म्हणाले, "तू शिक्का आणायला निघाली असतीस. मीच नको म्हटलं."

"मी कुठे निघाले होते," ताई म्हणाल्या. "मला फोनची घंटासुद्धा नको झाली होती."

आत अधिकाऱ्याने काळ्या शिक्क्याची पिशवी पुढे सरकवली. "हा तुमचा?"

"हो. माझाच."

"आणि हा ठसा? ह्याच शिक्क्याचा आहे ना?"

ताईंनी कागद जवळ घेऊन पाहिला. "ह्याच शिक्क्याचा आहे. पण मी उठवलेला नाही."

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. त्याने शेजारी बसलेल्या दुभाषीकडे पाहिले, जणू तिचे काहीतरी चुकले असावे. ती दोन वाक्ये त्याच्या डोक्यात एकत्र बसत नव्हती. शिक्का तुमचा, ठसा शिक्क्याचा, मग उठवणारा दुसरा कसा? त्याने तोच प्रश्न पुन्हा विचारला. ताईंनी तेच उत्तर पुन्हा दिले. परवाना रद्द झाला तर सोनलला बालवाडीतून किती दिवसांत काढावे लागेल, असे त्यांनी मध्येच विचारले.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. आपले नाव ज्यावर आहे, ती वस्तू कितीही हलकी, कितीही स्वस्त असो, मागे सोडू नका. जिथे ठेवली तिथे जायची भीती वाटत असेल तर कोणाला तरी बरोबर घेऊन जा, पण जा. आम्हाला आपला धनी ओळखता येतो. तो नाकारता मात्र येत नाही.

चार वाजता अधिकारी उठून पलीकडच्या खोलीत गेला. त्याने माझ्या मालकांना एकच प्रश्न विचारला : हा ठसा कोणाच्या हाताने उठला? दार उघडे होते. पद्मिनीताईंनी मान वळवली. बाकावरचे दिगंबरराव उभे राहिले. माझ्या मालकांनी आपल्या दोन्ही हातांकडे पाहिले आणि बोलण्यासाठी श्वास घेतला.

आता साडेचार झाले आहेत. अजून ते काही बोललेले नाहीत.