सौनात सोललेलं दार

मी गाडीचं दार बोलतोय. दचकू नका, त्या शनिवारपासून दचकायचं काम माझ्याकडेच आहे. कोपऱ्यातला एक लाल ठिपका सोडला, तर आज माझ्या अंगावर रंग नाही.

फिनलंडच्या या खेड्यात ल्यूली आजींच्या नवऱ्याने मला आणलं, तेव्हा मी लालभडक होतो. तीस वर्षं त्याचं कोपर माझ्या काचेवर टेकलेलं असायचं. तो गेला आणि गाडी गोठ्यात पडून राहिली. रंगाखाली गंज चढला.

या हिवाळ्यात त्यांचा मुलगा आर्वो म्हणाला, "गाडी निळी करतो."

"बाबांची गाडी लाल होती," आजी म्हणाल्या.

"बाबांची सायकल पण लालच होती, आई. पुरे झालं आता!"

आधी जुना रंग काढायला हवा. त्याने मला गाडीपासून सोडवून रिमूव्हर फासलं, पण गोठ्यात उणे वीस. ते नुसतं थिजून बसलं. आमच्याकडे कुठलीही अडचण आली की उत्तर एकच, सौना, म्हणजे लाकडं जाळून तापवलेली वाफेची न्हाणी. सर्दी झाली, सौना. भांडण झालं, सौना. बाळंतपण आलं, तरी सौना. आर्वोने मला उचलून सौनातल्या बाकावर ठेवलं.

"अरे, त्या बाकावर तुझा जन्म झालाय! तिथे पत्रा सोलतोस?" आजी ओरडल्या.

"तासाभराचं काम. तुझ्या शनिवारच्या आंघोळीआधी सगळं चकाचक!"

ऊब जाऊ नये म्हणून त्याने दार घट्ट लावलं, आणि रिमूव्हरची वाफ आतच कोंडली. माझ्या अंगावर फोड उठले, पोपडे सुटले. जन्मभर मी स्वतःला लाल समजत होतो, आणि आतून निघालो राखाडी! त्या धक्क्यात आर्वोकडे बघायचं मला सुचलंच नाही.

"गरगरतंय जरा..." तो पुटपुटला. त्याने बादलीभर पाणी माझ्यावर ओतलं आणि तो धपकन कोसळला.

मी हादरलो. मी स्वतः दार, पण समोरचं दार मला उघडता येईना!

लाल पाणी मात्र मोरीतून बाहेर गेलं. आजी सरपण घेऊन येत होत्या. पांढऱ्या बर्फावर लाल ओघळ दिसताच त्यांच्या हातातली लाकडं गळून पडली.

"रक्त! आर्वो!"

ऐंशी वर्षांच्या त्या बाईने दार ढकललं, त्याला पायांना धरून बाहेर ओढलं आणि तोंडाला बर्फ चोळला. बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"आई... रंग आहे तो."

"गाढवा!" म्हणत त्यांनी एक धपाटा घातला आणि त्यालाच मिठी मारून त्या रडल्या.

सौनाला अजून रिमूव्हरचा वास येतो. आजी शनिवारी शेजाऱ्यांच्या सौनात जातात आणि घरी येऊन आर्वोला टोमणे मारतात. काल तो रंगाचा डबा घेऊन आला. आजींनी झाकण उघडलं. लाल! बोट बुडवून त्यांनी माझ्या कोपऱ्यावर एक ठिपका ठेवला.

रंगव रे बाबा आता, थंडी वाजतेय. फक्त एवढं कर, या वेळी दार उघडं ठेव.